सातही वार उपास

लिहायला बसलो आहे, त्याबद्दल आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नाही, आणि मीसुद्धा अजून बी.ए.च्या शेवटच्या वर्षालाच आहे. खाण्याचे आजार हा डॉक्टरांनी लिहायचा विषय. माझ्याकडे त्यातलं ज्ञान नाही. एक बहीण आहे आणि एक माझं स्वतःचं पोट आहे, तेवढ्यावर लिहितो आहे. बहिणीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "लिही, पण मले बिचारी नको करू." ते पाळायचा प्रयत्न करतो. चुकलं तर ती सांगेलच.

आम्ही दुर्गजवळ, पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर दोनमध्ये राहतो. वडील प्लांटच्या टाइम ऑफिसात कारकून आहेत, मूळचे वर्ध्याकडचे. ताई माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. अकरावी झाल्यावर ती घरी शिलाई करायची, आणि मी दुर्गच्या कॉलेजात जाऊ लागलो. त्याच उन्हाळ्यात नागपूरकडचे लोक तिला पाहायला आले. आईनं पोहे केले होते, शेव घालून. पोहे खाता खाता मुलाची आत्या म्हणाली, "पोरगी चांगली आहे, पण अंगानं आताच एवढी आहे तर दोन लेकरं झाल्यावर काय होईन?" पाहुणे हसले. पाहुणे हसले म्हणून आम्हीही हसलो. ताईसुद्धा हसली आणि बशा उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. तिनं उपास धरला.

सोमवार महादेवाचा, त्यात नवल काहीच नव्हतं. मग गुरुवार आला, मग शनिवार मारुतीचा. मग देवीचा शुक्रवार आणि गणपतीचा मंगळवार. श्रावण लागेपर्यंत बुधवार आणि रविवार तेवढे मोकळे राहिले होते, आणि मग तेही भरले. एका बुधवारी वडील ताटावर बसून म्हणाले, "हा बुधवार कोणाचा असते गं?"

"बुधाचा," ताई म्हणाली.

"अन् तो काय मागते?"

"काही नाही मागत."

"मग त्याले कावून देऊन राहिली?"

आम्ही सगळे हसलो, तीही हसली, पण जेवली नाही.

आईला सुरुवातीला अभिमानच वाटला. आमच्या क्वार्टरांच्या ओळीतल्या बायका म्हणायच्या की एवढ्या लहान वयात एवढी भक्ती कुठं दिसते. मलाही तसंच वाटायचं. फक्त एक गोष्ट मला टोचत राहिली. उपास करणारी माणसं मी जन्मापासून पाहत आलो होतो. आमच्या आजोबांपासून सगळी माणसं उपासाच्या दिवशी सकाळपासून साबुदाण्याच्या खिचडीची वाट पाहतात. एकादशी अन् दुप्पट खाशी हे आमच्याकडं टोमणा म्हणून नाही, बेत म्हणून चालतं. ताई मात्र खिचडीकडं बघतही नव्हती. शेंगदाण्याचं कूट घातलेली, वर कोथिंबीर पेरलेली खिचडी ती माझ्याकडं सरकवायची आणि कपभर चहा घेऊन मशीनवर बसायची.

आणि मी ती खायचो. इथं माझ्याबद्दल सांगावं लागेल. कॉलेजात पहिल्या दिवसापासून मी घाबरलेला होतो. सर इंग्रजीत शिकवायचे. त्यांनी प्रश्न विचारण्यासाठी वर्गावरून नजर फिरवली की माझ्या पोटात खड्डा पडायचा, आणि तो खड्डा म्हणजे भूकच आहे असं मला प्रामाणिकपणे वाटायचं. सुटल्यावर मी सायकल थेट हॉटेलापुढं थांबवायचो. आलूगुंडे, म्हणजे बटाटेवडे, गरम निघत असले की दोन खायचो, गार असले तरी दोन खायचो. घरी येऊन जेवायचो, मग चिवड्याच्या डब्यात हात. परीक्षेच्या आदल्या दिवशी तर पुस्तक एका हातात आणि दुसरा हात डब्यातच. दिवाळीपर्यंत माझ्या पँटचं बटण लागेना.

एका दुपारी ताई माझ्या पँटची शिवण उसवून ती सैल करत होती. ते झाल्यावर त्याच दोऱ्यानं तिनं स्वतःच्या कुडत्याला आतून टीप मारली. मी समोर बसून पाहत होतो. ती म्हणाली, "थांब. माझ्यातलं उरलेलं कापड तुझ्यात लावून देते. घरचं घरात राहीन."

आईनं ते ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "एक उपाशी राहून मरून राहिली, अन् एक खाऊन खाऊन फुटून राहिला. दोघाचं मिळून एक पोट बराबर होते माझ्या घरात!"

सगळं असं हसण्यावारी चाललं होतं म्हणूनच कदाचित आम्हाला उशिरा कळलं. पुढच्या उन्हाळ्यात ताई दुधाच्या बूथवर रांगेत चक्कर येऊन पडली. शेजारच्यांनी सायकलच्या कॅरिअरवर बसवून घरी आणली. डॉक्टरांनी डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या आणि रक्त फार कमी आहे म्हणाले. खाते काय, असं विचारलं तेव्हा आई म्हणाली, "उपास असतात तिचे." डॉक्टर म्हणाले, "सगळे?" आई बोटांवर वार मोजायला लागली.

त्या वर्षी ताईला गोंदियाच्या मास्तरणीच्या ट्रेनिंगला जायचं होतं. मराठी शाळेत शिकवायचं हे तिचं लहानपणापासूनचं. प्रवेशही मिळाला होता. वडील म्हणाले, "रांगेत उभं राहता येत नाही, अन् हॉस्टेलले कशी पाठवू? आधी नीट खा. पुढच्या वर्षी पाहू." वडिलांच्या बोलण्यात राग नव्हता, भीती होती. पण त्या दिवसापासून घरातल्या तिघांचे डोळे तिच्या ताटात. आई एक पोळी जास्त वाढायची, ताई "आज उपास आहे" म्हणायची, आणि देवाचं नाव निघाल्यावर आईचं काही चालत नसे. आम्ही जितकं म्हणू तितकं ती कमी खायची. गोंदिया तिला हवंच होतं, मनापासून हवं होतं, आणि तरी घास खाली जात नव्हता. हे मला तेव्हा अजिबात समजलं नाही.

मग भाद्रपद आला. आपली हरतालिका असते त्याच दिवशी इथल्या छत्तीसगढी बायकांचा तीजा असतो. लग्न झालेल्या मुलींना भाऊ किंवा वडील जाऊन माहेरी घेऊन येतात. उपास पाण्याशिवाय, पण त्याच्या आदल्या संध्याकाळी करू भात खायचा असतो, म्हणजे कारल्याची भाजी आणि भात. तोही एका घरी नाही. बाया मिळून घरोघरी जातात आणि प्रत्येक घरी थोडा थोडा खातात.

आमच्या समोरच्या क्वार्टरमधल्या काकींची मुलगी कुम्हारीकडच्या गावात दिली होती. ती तीजाला आली होती. काकी आमच्या दारात येऊन ताईला करू भाताला बोलावत म्हणाल्या, "चल नोनी, करू भात खाए बर." ताई म्हणाली, "काकी, मेरा आज उपास है."

काकी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "आज काबर उपास ओ? आज त खाय के दिन ए. जेन आज नइ खाय, तेकर काली के उपास नइ लागय."

आज कसला उपास, आज तर खायचा दिवस; आज जी खाणार नाही तिचा उद्याचा उपास लागतच नाही. काकींना ताईच्या आजाराचं काही माहीत नव्हतं. त्यांना फक्त रीत माहीत होती. पण वर्षभर ताईनं आम्हाला रीतच सांगितली होती, आता तिला ती मोडता येईना. ती चपला शोधायला लागली. काकी आईलाही म्हणाल्या, "तहूँ चल." आणि आईनं डोळ्यांनी खुणावलं म्हणून मीही मागून गेलो.

काकींच्या घरी बाया भिंतीला टेकून ओळीनं जमिनीवर बसल्या होत्या. मी बाहेरच्या खोलीत काकांजवळ बसलो, तिथून सगळं दिसत होतं. काकींची मुलगी मोठी गोल आणि हसरी. ती दुसऱ्यांदा भात घेत होती. ताईनं तिला विचारलं, "ससुराल में करेला नहीं मिलता क्या?"

"मिलथे ओ," ती तोंडात घास ठेवूनच म्हणाली, "फेर बइठ के खाय बर नइ मिलय."

मिळतं, पण बसून खायला मिळत नाही. सगळ्या बाया खो खो हसल्या, एकीला तर ठसका लागला. आईही हसली, आणि मग तिचं हसू जरा थांबलं. माझ्या तेव्हा लक्षात आलं की आईला असं ओळीत बसून, दुसऱ्या कोणी वाढलेलं खाताना मी कधी पाहिलं नव्हतं. ती आमचं सगळ्यांचं झाल्यावर ओट्याशी उभ्यानं खायची. ताईही तिच्याकडंच बघत होती.

मग ताईनं घास घेतला. कारलं चांगलंच कडू होतं. तिचं तोंड असं काही झालं की समोरच्या बाईनं हुबेहूब नक्कल करून दाखवली, आणि ताई हसता हसता तो घास गिळून बसली. दुसरा तिनं स्वतःच घेतला. मी भीतीनं म्हणा, आनंदानं म्हणा, माझ्यापुढं आलेलं ताट साफ केलं. तीन घरी गेलो आणि तिन्ही घरी साफ केलं. तिसऱ्या घरच्या आजी मला न्याहाळून म्हणाल्या, "ये बाबू घलो तीजा रहिही का?" हा मुलगाही तीजाचा उपास धरणार का? त्या घरी ताईनं मागून काही घेतलं नाही, पण वाढलेलं परतही केलं नाही.

एका संध्याकाळीत सगळं नीट झालं असं मी लिहिलं तर ती मला मारेल. दुसऱ्या दिवशी तिनं हरतालिका केलीच, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी काकींनी दिलेली ठेठरी, बेसनाची कडबोळ्यासारखी, दिवसभर हातात घेऊन फिरली. पण त्या आठवड्यात ती आईला म्हणाली, "तू माझ्याजवळ बसशील तर मी बसते." आई म्हणाली, "अन् वाढन कोण?" वडील पेपर वाचत होते. तो खाली ठेवून ते उठले. ऑफिसात शेकडो माणसांच्या हजेऱ्या सांभाळणारा माणूस, डाळीचं पातेलं हातात घेऊन आमच्यापुढं उभा राहिला. पहिला डाव आईच्या पाटावर सांडला.

"धक्का नको," ते म्हणाले. "ज्याले पाहिजे त्यानं हात वर करा."

तेव्हापासून आमच्या घरी वडील वाढतात. अजूनही सांडतात.

ताईनं एकेक वार सोडला. पहिल्यांदा बुधवार सोडला, तेव्हा वडील म्हणाले, "बुधाले वाईट वाटन." हिवाळ्यात तीन आठवडे वाईट गेले, ताट पुन्हा सरकू लागलं. तेव्हा कोणी काही बोललो नाही, फक्त शेजारी बसून राहिलो. हे आमचं आम्हालाच सुचलं, किंवा दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून केलं. मशीनवर बसल्या बसल्या तिनंच मला एकदा सांगितलं, "त्या आत्याबाईमुळे नाही रे. मले भूक लागत नव्हती असंबी नाही. तुले कॉलेज होतं, बाबाले ऑफिस होतं. मले कोण पाहाले येईन, कुठं देतीन, सगळं दुसरेच ठरवून राहिले होते. एका जेवणाले मी नाही म्हणू शकत होती. मग म्हणत गेली."

मी भीत भीत आमच्या मानसशास्त्राच्या सरांना विचारलं, बहिणीचं नाही, एका ओळखीच्या मुलीचं म्हणून. ते म्हणाले, भीतीनं कोणाची भूक मरते, कोणाला भीतीच भुकेसारखी लागते. याला नावं आहेत, पुढं शिकशील. मी घरी येऊन ताईला सांगितलं. त्यानंतर माझा हात चिवड्याच्या डब्याकडं गेला की ती मशीन न थांबवता विचारायची, "भूक आहे, का इंग्लिश?" बहुतेक वेळा इंग्लिशच असायचं. तरी एक मूठ घ्यायचो. तिनं कधी अडवलं नाही.

पुढच्या जूनमध्ये ती गोंदियाला गेली. वडिलांनी स्वतः पोचवलं. तिची पत्रं यायची: हॉस्टेल चांगलं आहे, मी वेळेवर जेवते, काळजी नको. आई पत्र उलटून बघायची. हेच वाक्य ताई घरातही म्हणायची, ताट भरलेलं असताना. तिथं शेजारी कोण बसत असेल, कोणी बसत असेल का, हे कळायला मार्ग नव्हता. पाऊस संपला, दसरा गेला, आणि आई रोज संध्याकाळी पहिला घास घेण्याआधी थोडी थांबायची.

आईचा चुलतभाऊ रेल्वेत गार्ड आहे, दुर्ग लाइनवर. आईनं त्याच्याबरोबर लाडू पाठवले आणि सांगितलं की तिला भेट, पण काही विचारू नको, नुसतं पाहून ये. दहा दिवस मामाचा पत्ता नाही. अकराव्या दिवशी दुपारी तो ड्यूटीच्या कपड्यातच दारात उभा. चेहरा गंभीर.

"भेटली?" आईनं विचारलं.

"भेटली. रेक्टरबाईनं मलेच ऑफिसात बोलावलं. म्हणे, तुमच्या भाचीले समजवा."

आई खाली बसली. "काय केलं तिनं?"

"सगळ्या पोरीइले घेऊन ताटं वाजवत मेसच्या दारात बसली होती. म्हणे, पैसे भरतो तर पोटभर पोळ्या पाहिजे. चौथी मागितली तर संपल्या कावून म्हणता?"

"चौथी?" आई म्हणाली. "नीट आठव रे. चौथी म्हणाली? दुसऱ्या कोणासाठी मागत असन."

मामानं टोपी काढली आणि माझ्याकडं पाहून हसला. "स्वतःसाठीच गं. रेक्टरबाई म्हणून राहिल्या, भांडणाच्या आधी तीन खाऊन आली होती."