एकच जागा आलीय

हे मी महेशला सांगितलेलं नाही. आणि महेशला नाही म्हणजे कुणालाच नाही — आईला नाही, दादाला नाही, माझ्या शेजारणीलाही नाही, जी दर गुरुवारी माझ्या स्वयंपाकघरात बसून स्वतःचं सगळं आयुष्य मोकळं करते. सात वर्षं झाली. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. यात काही धाडस आहे असं मी म्हणणार नाही.

आणि एक आधीच सांगून ठेवते — लिहिताना मी रडत नाहीये. रडणारी बाई बघायची असेल तर इथेच थांबा.

मी नर्स आहे. माहेर वरंधच्या वरची वाडी — बारा घरं, उतारावर नाचणी आणि वरी, खाली थोडं भात. सासर नाते गावचं. महेश महाडच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या लॅबमध्ये केमिस्ट होता, म्हणून आम्ही राहायचो महाडात, दोन खोल्यांत. मी तिथल्याच एका खासगी हॉस्पिटलात. आज आम्ही दोघं ऑस्ट्रियातल्या एका डोंगरी गावात राहतो. वस्ती चारशेची. गावाचं नाव सांगत नाही; ते नीट उच्चारायलाच मला वर्ष लागलं.

आमच्या दोन्ही घरांत सगळ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक आहे — महेशने मला इथे आणलं. त्यानेच माझं नाव घातलं, त्यानेच मला पुण्याला जर्मन शिकायला पाठवलं, मी आपली नको नको म्हणत होते. हे खोटं आहे. ऑस्ट्रियातल्या नर्सच्या नोकरीची जाहिरात मी पाहिली, फॉर्म मी भरला, शनिवार-रविवार ताम्हिणीचा घाट चढून क्लासला मी गेले. महेशला तर महाड सोडायचंच नव्हतं. पण आबांना — माझ्या वडिलांना — हे कोण सांगणार? मी महेशला म्हटलं, "अहो, तुमची इच्छा आहे असं सांगू का? माझी म्हटलं तर आबा नाय सोडायचे मला." तो हसला. म्हणाला, "सांग की. जावयाला काय, चार शिव्या जास्त."

तेव्हा मी त्याला अहो म्हणायचे. इथे आल्यावर हळूहळू मी नुसतं महेश म्हणायला लागले.

पण हे खोटं त्याला ठाऊक आहे. त्याच्या मर्जीने बोललेलं आहे. मला सांगायचंय ते हे नाही. मी अजून कडेकडेनेच चाललेय, कळतंय मला.

घरात नर्स असणं म्हणजे काय, हे नर्सलाच विचारावं. वाडीवरून कुणी उतरलं, नाते गावाहून कुणी आलं, की एसटी स्टँडवरून थेट आमच्या दारात. हातात फाईल, पिशवीत तांदूळ नाहीतर आळूची पानं. "तू हायस म्हनून बरं गो," असं म्हणत चपला काढायच्या. काकूची साखर, मावशीच्या गुडघ्याचा फोटो, कुणाच्या सुनेचं बाळंतपण. नंबर लावायचा, डॉक्टरशी बोलायचं, रिपोर्ट आणायचा, चार दिवस ठेवून घ्यायचं, पथ्याचं शिजवायचं. वाईट नव्हती हो माणसं. जीव लावायची. तेच तर अवघड होतं — ज्यांनी जीव लावलाय त्यांना दारातून परत कसं पाठवायचं?

एकदा मी स्वतः डेंग्यूने पडले होते. घरीच सलाईन घेऊन झालं होतं, सुई अजून हाताला होती. महेशचे काका हर्नियाची फाईल घेऊन आले आणि माझ्या खाटेपाशी उभे राहिले. "सूनबाय, तेवढं डागदरला इचारून ये ना, आज घेतील का." मी महेशकडे बघितलं. तो म्हणाला, "जाऊन ये ना. दहा मिनिटांचं काम आहे." तो काही दुष्टपणाने बोलला नाही. त्याला खरोखरच ते दहा मिनिटांचं काम वाटलं. मी उठले, सुईवर ओढणी घेतली आणि रिक्षात बसले. निघताना कागद हातात घेतले तेव्हा रक्ताचा थेंब पडला तो काकांच्या फाईलवर. काका म्हणाले, "असूं दे, पुसून घेतो."

त्याच आठवड्यात मी फॉर्म भरला. हे सांगून मी माझं पारडं जड करत नाहीये. फक्त कशानंतर काय झालं ते सांगतेय.

आता खरं.

परीक्षा पास झाले, मुलाखत झाली, आणि एका दुपारी पुण्याच्या एजन्सीचा मेल आला. हॉस्पिटलच्या चेंजिंग रूममध्ये, बाकावर बसून मी तो फोनवर वाचला. तीन जागा होत्या. तीन. पहिली लिंझ शहरात, मोठं हॉस्पिटल. लिंझमध्ये केमिकलचे मोठाले कारखाने आहेत, आणि महेशच्या आत्येबहिणीचं कुटुंबही तिथेच. जायचंच तर लिंझला, असं महेश महिनाभर म्हणत होता. आत्येबहिणीच्या नवऱ्याशी फोनवर बोलून ठेवलं होतं, लॅबमध्ये काम मिळेल म्हणून. दुसरी जागा आणखी एका शहरात. आणि तिसरी — डोंगरातल्या एका गावातला वृद्धाश्रम, तीस माणसांचा. खाली लिहिलं होतं : जागा दुर्गम आहे, जोडीदारासाठी नोकरीच्या संधी मर्यादित.

जोडीदारासाठी संधी मर्यादित. हे वाक्य मी वाचलं. मला जर्मन येत होतं. नीट वाचलं, दोनदा वाचलं.

मग मी नकाशा उघडला. शेवटची बस संध्याकाळी साडेपाचला. स्टेशन खाली दरीत. जवळचं भारतीय दुकान अडीच तासांवर. हिवाळ्यात रस्ता कधी कधी बंद. जितकं अवघड दिसत गेलं तितकं मला हलकं वाटत गेलं. इथे कोण फाईल घेऊन येणार आहे? लिंझला गेले असते तर सहा महिन्यांत आत्येबहिणीच्या सासूचा गुडघा माझ्या दारात आला असता, आणि वर्षभरात नाते गावची अर्धी भावकी. महाडच उचलून तिथे मांडलं असतं आम्ही. आणि डोंगर मला हवाच होता. आमच्या वाडीवर डोंगर माझा कधी नव्हताच — जमीन दादाची, पायवाट पुरुषांची, माझ्या वाटेला डोक्यावरचा गवताचा भारा. एकदा मला डोंगरावर रिकाम्या हाताने उभं राहायचं होतं.

चहाची सुट्टी संपायच्या आत मी उत्तर पाठवलं. तिसरी जागा. मग मेल पुसून टाकला.

घरी येऊन महेशला म्हटलं, "एकच जागा आलीय. डोंगरात हाय."

"लिंझ नाही?"

"नाही."

"विचारून तर बघ एकदा."

"विचारलं. नाय म्हणाल्या मॅडम."

दोन दिवसांनी एजन्सीच्या मॅडमचा फोन आला तेव्हा महेश माझ्या शेजारी बसून शेंगा सोलत होता. त्या म्हणाल्या, तुम्ही नक्की ठरवलंय ना? लिंझला तुमच्या मिस्टरांचं काम होईल, त्या गावात होणार नाही, नंतर बदलता येत नाही. फोन कानाला घट्ट दाबून मी म्हटलं, "हो मॅडम, आमचं दोघांचं ठरलंय." महेशने मान वर करून विचारलं, काय? मी म्हटलं, व्हिसाचं काहीतरी. त्याने सोललेले दाणे माझ्या हातावर ठेवले.

ही ती गोष्ट. मला वाटलं होतं लिहायला जास्त वेळ लागेल.

महेश इथे आला आणि एका गेस्ट हाऊसच्या स्वयंपाकघरात भांडी घासायला लागला. थंडीत रस्त्यावरचा बर्फ ओढायचा. येताना तो लॅबमधून पीएच तपासायच्या पट्ट्या घेऊन आला होता. पहिल्या वर्षी ओढ्याचं पाणी, नळाचं पाणी, वितळलेला बर्फ, सगळं तपासायचा आणि वहीत लिहायचा. पट्ट्या संपल्या. नव्या मागवल्या नाहीत. इथली माणसं जी बोली बोलतात ती क्लासमधल्या जर्मनसारखी नाही, त्यामुळे चार लोकांत तो हसून मान हलवतो. महाडात त्याच्या हाताखाली सहाजण होते.

आणि मी? मी इथे सुखात आहे. हे वाक्य मराठीत म्हणताना बाईची जीभ का अडखळते? मी म्हातारी माणसं अंघोळीला नेते, त्यांची नखं कापते, त्यांच्या गाईंच्या गोष्टी ऐकते, आणि तीन वाजता ड्युटी संपली की संपली. दाराची बेल वाजत नाही. जूनमध्ये शेजारणीच्या उतारावर गवत कापायला जाते — कुणी कामाला लावलं म्हणून नाही, मला आवडतं म्हणून. पहिल्यांदा मी गवत बांधलं तेव्हा ती माझे हात बघत राहिली. म्हणाली, हे तुला कुणी शिकवलं? मी म्हटलं, माझ्या वडिलांनी.

आबा. त्यांचंही सांगायलाच हवं.

तिसऱ्या वर्षी आम्ही रजेवर वाडीवर गेलो. आबा ओटीवर बसले होते. महेश पाया पडायला वाकला, तर त्यांनी पाय मागे घेतले.

"पावनं, ही पोर डोंगरातनं काढून म्हाडात दिली व्हती, जरा आराम पडंल म्हनून. तुमी परत डोंगरात नेलीत. तो बी परमुलखातल्या."

महेशने माझ्याकडे पाहिलं. एवढंच — पाहिलं. मी ताटं मांडत होते. बोलायला एक वाक्य पुरलं असतं. 'आबा, मी गेले, ह्यांनी नाही नेलं.' किती शब्द होतात? मी भाकऱ्या मोजत राहिले.

"चुकलंच माझं, आबा," महेश म्हणाला.

पुढच्या वर्षी आबा गेले. मी पोचले चौथ्या दिवशी. अंगणात बाया बसल्या होत्या. एकजण माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "नवऱ्यानं लांब नेली गो, बापाचं तोंड बी दिसलं नाय लेकीला." महेश पाच हातांवर जांभळाखाली उभा होता. त्याला ऐकू गेलं, कारण त्याने मान वळवली. मी रडले, आणि तिला बोलू दिलं. बाराव्याला महेशला जेवायला बस म्हणायला माझ्या माहेरचं कुणी पुढे आलं नाही. तो आपणहून पंगतीच्या टोकाला बसला आणि खाली मान घालून जेवला. मी वाढत होते. त्याच्या पानात मी दोनदा भात घातला. तेवढंच केलं मी त्याच्यासाठी.

या वर्षी मार्चमध्ये लिंझच्या एका लॅबमध्ये जागा निघाली. महेशने अर्ज केला — त्याने स्वतः, जर्मनमध्ये, शब्दकोश घेऊन, चार संध्याकाळी खपून. मी चुका सुधारून दिल्या. खरंच सगळ्या सुधारल्या. तिथे मी लबाडी केली नाही, एवढं लिहून ठेवते. उत्तर आलं की मधला खंड फार मोठा आहे, सात वर्षं लॅबचं काम नाही. त्याने पत्राची घडी घातली. संध्याकाळ होती, मी तांदूळ निवडत होते.

"तेव्हाच लिंझ मिळालं असतं तर आज कुठे असतो गं मी," तो म्हणाला. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "पण तुझ्या तरी हातात कुठे होतं."

मी म्हटलं, "हो ना."

इतकं सोपं गेलं ते. सात वर्षांपूर्वी निदान फोन कानाला घट्ट दाबावा लागला होता.

तुम्ही म्हणाल, सांगून टाक आता, मन हलकं होईल. माझं होईल, त्याचं काय होईल? आणि खरं सांगू — मी गप्प आहे ती त्याच्या काळजीने नाही. सांगितलं तर तो म्हणेल, चल, आता तरी लिंझला जाऊ. तसं म्हणायचा त्याला पूर्ण हक्क आहे. आणि मला जायचं नाही. मला इथून जायचं नाही. तीच तीन नावं उद्या पुन्हा समोर आली तरी माझं बोट तिसऱ्यावरच जाईल, खालचं ते वाक्य वाचून जाईल.

महेशचं मी नुकसान केलं. जाणूनबुजून केलं. माफी मागायची तर हे गाव परत द्यायची तयारी हवी, आणि ती माझी नाही.