साबणाचं सुतक

आमचे आबा रोज दाढी करत. यात सांगण्यासारखं काय, असं कुणीही म्हणेल. पण आमच्या गावात तेव्हा रोज दाढी करणारे पुरुष दोनच, एक शाळेचे हेडमास्तर आणि दुसरे माझे वडील. बाकीचे आठवड्यातून एकदा न्हाव्यापुढे बसत. आबा जळगावला जिनमध्ये फिटर होते. सरकीपासून कापूस सुटताना जे बारीक तंतू उडतात ते दाढीच्या खुंटांना चिकटतात आणि दिवसभर खाज सुटते. म्हणून रोज सकाळी ओट्यावर आरसा, अ‍ॅल्युमिनियमची वाटी, वाटीत साबणाची गोल वडी आणि ब्रश.

त्या साबणाला एक वास होता. कशाचा, ते मला आजही सांगता येत नाही. गुलाब म्हणावा तर नाही, चंदन म्हणावं तर मुळीच नाही. थोडी लिंबाची साल, थोडा कापूर आणि तिसरं काहीतरी, ज्याला मी आयुष्यभर नाव शोधतो आहे. फेस मात्र असा की ब्रश चार वेळा फिरवला की आबांचं अर्धं तोंड नाहीसं. संध्याकाळी ते घरी येत तेव्हा अंगाला सरकीच्या तेलाचा वास असे, पण गालाजवळ गेलं की सकाळचा साबण तिथे तग धरून असायचा.

साठचं दशक सरत आलं होतं, तेव्हा आमचं भांडण झालं. आबांनी जिनच्या शेटजींकडे माझ्या नोकरीसाठी शब्द टाकला होता. मी त्यांना न विचारता धुळ्याच्या एका सरकारी कचेरीत कारकुनी पत्करली. "मी शबद दिन्हा व्हता," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. माझ्या तोंडाला तेव्हा लगाम नव्हता. घरात आम्ही सगळे अहिराणी बोलायचो, पण त्या दिवशी जास्त लागावं म्हणून मी मुद्दाम शाळेतल्या शुद्ध मराठीत म्हणालो, "आजपासून तुम्ही मला मेलात."

आई मटकन खाली बसली. मी एस.टी. पकडली. पारोळ्यापर्यंत राग पुरला, पुढे पुरेना.

धुळ्याला सहाव्या गल्लीत एका निवृत्त तलाठ्यांच्या घरी खोली मिळाली. त्यांना सगळे नाना म्हणत, त्यांच्या पत्नीला अक्का. मीही तेच म्हणू लागलो. त्याच संध्याकाळी कोपऱ्यावरच्या मारवाड्याच्या दुकानातून दाढीचं सामान आणलं, आणि साबण घेतला तो नेमका आबांचाच. ज्या माणसाला मेलात म्हणून आलो, त्याचाच साबण मी का घ्यावा? तेव्हा कळलं नाही, आणि स्वतःला विचारायची हिंमतही नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आडाचं पाणी घेतलं, ब्रश भिजवला आणि घासू लागलो. फेस येईना. गालावर दह्यासारख्या पांढऱ्या कण्या जमल्या. वासाचा तर पत्ताच नाही. वेष्टण तेच, रंग तोच, वडीवरची अक्षरंही तीच. तसंच पातं ओढलं आणि हनुवटी सोलून निघाली.

तणतणत दुकानात गेलो. "नकली माल विकता?"

शेठ शांतपणे म्हणाले, "माल असली आहे साहेब. आधी आपलं पाणी बघा."

माझं पाणी! हा वाणी माझं पाणी जोखतो? मी त्यांना नको नको ते बोललो आणि परत आलो. संध्याकाळपर्यंत गालभर पुरळ उठलं. मग ठरवलं, बरं होईपर्यंत दाढीच करायची नाही.

आणि तिथून पुढे माझ्याभोवती काय चाललं होतं, ते मला उमगेना. जेवण अक्कांकडेच ठरलं होतं. पहिल्या दिवशी त्यांनी आग्रह करून वाढलं. तिसऱ्या दिवसापासून ताट उंबऱ्याबाहेर ठेवून दोन पावलं मागे सरू लागल्या. भाजीत तिखट नाही, फोडणी नाही. शेजारी सत्यनारायण झाला, प्रसाद सगळ्या बिऱ्हाडांना गेला, मला वगळून. कचेरीत हेडक्लार्कनी खांद्यावर ठेवायला म्हणून हात पुढे केला, मागे घेतला आणि म्हणाले, "धीर धरा." मला वाटलं, नव्या नोकरीबद्दल बोलतायत. मी म्हटलं, "सवय होईल साहेब." ते माझ्याकडे बघतच राहिले.

चौथ्या दिवशी नाना दाराशी आले. जरा घुटमळले. "वडील…?" एवढंच म्हणाले आणि थांबले.

मी ताडकन म्हणालो, "मला वडील नाहीत."

नाना मान खाली घालून निघून गेले. म्हातारा माझ्या स्पष्टवक्तेपणाने गार झाला, अशी माझी समजूत. आज त्या समजुतीची लाज वाटते.

नवव्या संध्याकाळी अक्का लांबूनच म्हणाल्या, "उद्या दहावा ना? नदीवर जाल तेव्हा पिंडाला तांदूळ घेऊन जा आमच्याकडचे."

"कुणाचा दहावा?"

"असं काय करता? वडिलांचा."

मग एकेक उलगडलं. माझी दाढी वाढलेली. चपलेचा अंगठा तुटला होता म्हणून मी अनवाणी हिंडत होतो. गादी नव्हती म्हणून चटईवर झोपत होतो. तेलाची बाटली घरी विसरलो होतो म्हणून डोकं कोरडं. सुतकातला मुलगा याहून वेगळा कसा दिसतो? आणि वर मी स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं, वडील नाहीत. "नवी नोकरी, रजा मिळाली नसेल बिचाऱ्याला," असं नानांनी ठरवून टाकलं होतं, आणि दिवस मी आलो तेव्हापासून मोजले होते. मी हसावं की रडावं ते मला कळेना. कुणी मेलेलं नाही, असं सांगावं तर मग वडील नाहीत असं का म्हणालो, तेही सांगावं लागणार.

तेवढ्यात नाना आतून म्हणाले, "खोली घेताना तुम्ही दिलेल्या घरच्या पत्त्यावर मी सांत्वनाचं कार्ड टाकलंय हो. आईंना धीर द्यायला हवा कुणीतरी."

ते कार्ड आईच्या हाती पडणार नव्हतं. आईला वाचता येत नव्हतं. घरातलं प्रत्येक कार्ड आबाच वाचून दाखवायचे.

दहाव्या दिवशी सकाळी मी जळगावची गाडी पकडायला निघालो होतो. पिशवीत कपडे कोंबत असताना खोलीत वास आला, लिंबाची साल, कापूर आणि ते तिसरं. मी खुळ्यासारखा कोनाड्यातली माझी साबणाची वडी उचलून हुंगली. तिला वास नव्हताच. मागे वळलो तर दारात आबा, गुळगुळीत दाढी केलेले, हातात कापडी पिशवी.

नाना लगबगीने आले. "आपण कोण?"

"मी याना बाप."

नानांनी माझ्याकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं. "मग गेलं कोण?"

"मीच गयथू," आबा म्हणाले. "ऊनू परत."

गेलेला माणूस स्वतःच परत आलो म्हणतोय हे ऐकून नाना खांबाला धरून उभे राहिले. आबांनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि पुरळ बघितलं. साबणच नकली निघाला, असं मी पुटपुटलो तसा त्यांनी कोनाड्यातला साबण बघितला. आडाच्या पाण्यात बोटं घालून अंगठ्याने चोळून पाहिली.

"साबनले काय नाव ठेवस? पानी जड शे आठलं."

पाणी बघा साहेब. शेठ इथल्या आडाच्या जड, फेस न येऊ देणाऱ्या पाण्याबद्दल बोलले होते, आणि मी माझ्या पाण्याबद्दल समजलो होतो.

आबांनी अक्कांकडून पाणी उकळून घेतलं, निवळू दिलं आणि वरचं तेवढं वाटीत ओतलं. मला ओट्यावर बसवलं. माझ्याच वडीवर, माझ्याच ब्रशने त्यांनी फेस काढला. हळूहळू वाटी भरली, आणि इतके दिवस मुका असलेला तो साबण घमघमायला लागला. "फेस ऊना का वास आपसूक येस," ते म्हणाले. माझ्या गालावरून ब्रश फिरायला लागला तसे माझे डोळे वाहू लागले. मला माफी मागायची होती. तोंडात फेस जाईल म्हणून मी बोललो नाही, अशी सबब मी बरीच वर्षं स्वतःला सांगितली.

"डोयामा फेस गया," मी पुटपुटलो.

"हा," आबा म्हणाले. "मन्हाबी गया."

त्यांच्या तोंडाला फेस नव्हता.

आबा परत निघाले तेव्हा नाना हात जोडून कार्डाबद्दल सारखी क्षमा मागत होते. आबांनी त्यांचे हात धरले. "तुमनं कार्ड बाकी बेस व्हतं नाना. मसुदा जपी ठेवा, आखो एकदाव लागी." तो आणखी एकदा लागेल म्हटल्यावर नाना कसनुसे हसले. मला हसू आलं नाही.

त्यांना स्टँडवर सोडायला जाताना वाटेत मी दुकानात जाऊन शेठची माफी मागितली. ती चटकन मागता आली. आबा गाडीत खिडकीशी बसले. गाडी सुरू झाली. शेवटी, आमच्या अहिराणीतच, म्हणालो, "आबा, ऐतवारले घर येस मी."

आबांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "दाढी करीसन येजो," ते म्हणाले. "नहीते तुन्ही माय घाबरी जाई."