मास्तरांची न फोडलेली बाटली

मास्तर शिंपीकामात इतके चोख, की गिऱ्हाइकाचं सुटलेलं पोट टेपच्या आधी त्यांच्या नजरेला कळायचं. स्वतःची बाटली मात्र सहा वर्षं कपड्यांच्या गठ्ठ्यामागे लपवली आणि समजत राहिले, कुणाला पत्ता नाही. सगळ्या गल्लीला होता. एका विजारीचा एक पाय वीतभर आखूड निघाला, तेव्हा तर विजारीलाही कळलं.

बायको लेकीकडे गेली ती तिकडचीच झाली. मग मास्तर व्यसनमुक्ती केंद्रात भरती झाले. वीस दिवस वॉर्डात, हातांची थरथर थांबेपर्यंत डॉक्टर-नर्सचा पहारा. नंतर दोन महिने रोज दहा ते पाच केंद्रात, झोपायला घरी. तिथे मास्तर खुलले. गटात बसायचं, बोलायचं, एकत्र जेवायचं. जेवल्यावर ते साऱ्यांची तुटकी बटणं लावून द्यायचे. ज्यांची शाबूत होती त्यांचीही ओढून बघायचे.

एके दिवशी समुपदेशक मॅडम कौतुकानं म्हणाल्या, "मास्तर, आता आठवड्यातून एकदाच यायचं. तासभर."

बढतीच म्हणायची. पण बुधवारचा तो तास सरला, की पुढचा बुधवार कुठल्या कुठे! मास्तर दोरा न ओवताच मशीन चालवायचे, तेवढाच आवाज. डबा उघडला की मापाच्या पुतळ्याला म्हणायचे, "या, बसा." पुतळा कमरेपर्यंतच, बसणार कसा?

चौथ्या आठवड्यात घसा कोरडा पडायला लागला. मास्तरांनी डोकं चालवलं. रोज केंद्रात घेतात कुणाला? पिणाऱ्याला. म्हणजे परत जायचं तर प्यायलाच हवं. शिंप्याचंच डोकं ते. उसवल्याखेरीज कपडा दुरुस्तीला येतो कुठे?

बाटली आणली. कात्रीशेजारी ठेवली. झाकणावर हात ठेवून तासभर बसले. दुसऱ्या दिवशी बुधवार होता. मास्तरांनी ती वर्तमानपत्रात गुंडाळली आणि थेट मॅडमच्या टेबलावर ठेवली.

"हे काय, मास्तर?"

"उघडलेली नाही, सील बघा. पण लागत असेल तर दोन घोट घेऊन येतो. मग रोज यायला मिळेल ना?"

मॅडमना हसू आलं आणि अर्ध्यातच विरलं. "अहो, सदरा घट्ट झाला तर तो फाटेपर्यंत थांबता का तुम्ही?"

"छे! आत कापड दाबून ठेवलेलं असतं. शिवण सोडून सैल करतो."

"मग? रोजचं येणं संपलं म्हणून दार बंद झालं नाही. जड जातंय, एवढं सांगायचं. पिऊन दाखवायचं नाही."

"म्हणजे मी नापास नाही?"

"ही काय शाळा आहे? उद्या दहाला या. तीन आठवडे रोज, मग आठवड्यातून तीनदा. पुढचं तेव्हा बघू."

बाटली बेसिनमध्ये रिकामी झाली. मास्तर शेवटच्या थेंबापर्यंत बघत राहिले.

दुकानात परतल्यावर पुतळ्याला म्हणाले, "उद्यापासून तुम्हाला सुट्टी." सुई-दोरा, बटणांची डबी पिशवीत भरली, पिशवी दाराशी ठेवली आणि घड्याळाकडे पाहिलं. दुपारचे दोन वाजले होते.