दोन प्रोग्रामांचं एकमत

घाटकोपरच्या भटवाडीत रत्नप्रभा तावडे हे नाव निघालं की लोक आधी हसत आणि मग जरा सांभाळून बोलत. बाई वाईट नव्हती, पण तिच्या तोंडाला लागायची कोणाची छाती नव्हती. रेशनवाल्याने साखर तोलली की ही म्हणे, "पारडी बदला आणि परत करा." तिला बघायला आलेला मुलगा "मी दारू पीत नाही" म्हणाला, तर हिने विचारलं, "मग शनिवारी संध्याकाळी कुठे असता?" स्थळ अर्धा चहा टाकून गेलं. आई सुंदराबाई कपाळाला हात लावून बसली.

गिरणीतल्या साचेखात्यात मागांवर राबलेल्या गुणाजी तावड्यांची ही पोर इंजिनिअर झाली आणि अंधेरीच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत लागली. काम असं की सांगताना तिचीच दमछाक व्हायची. मोठी टाकी, क्रेन, पूल असं काहीही घ्यायचं, कॉम्प्युटरात त्याचे हजारो बारीक तुकडे पाडायचे आणि भार आला की कुठला तुकडा किती ताणतो ते काढायचं. त्या तुकड्यांच्या जाळ्याला मॉडेल म्हणत. हे गणित सोडवणारे प्रोग्राम अनेक होते आणि एकाचं दुसऱ्याला कळत नसे. एकाचं मॉडेल दुसऱ्याला समजेल असं करून द्यायचं, ही रत्नप्रभाची खासियत. तिचे साहेब नंदकिशोर साठ्ये गिऱ्हाइकांना सांगत, "आमची रत्नप्रभा भांडणाऱ्या जावांनासुद्धा एका चुलीवर आणेल."

शहाऐंशी साली मुलुंडच्या एका कारखान्याने रसायनाची मोठी टाकी बनवली, आतून प्रचंड दाब सोसणारी. तिचं गणित परदेशात एका प्रोग्रामवर सोडवलेलं होतं, आणि ते मॉडेल उत्तरांसकट टेपवर आलं होतं. टाकी घेणाऱ्या गिऱ्हाइकाचा इन्स्पेक्टर मात्र अडून बसला. हेच गणित दुसऱ्या प्रोग्रामवर स्वतंत्र सोडवा, दोन्ही उत्तरं जुळली तरच टाकीत पाणी भरून दाबाची चाचणी घ्या. काम साठ्यांकडे आलं. रत्नप्रभाने टेपवरचं मॉडेल उतरवून घेणारा छोटा प्रोग्राम लिहिला आणि गणित लावलं. मशीनने इतक्या झटपट उत्तर दिलं की सगळे चाट पडले, आणि ते उत्तर परदेशातल्या उत्तराशी अगदी दशांशापर्यंत जुळलं. साठ्यांनी पेढे वाटले. रिपोर्ट मुलुंडला गेला आणि शुक्रवारी दुपारी चाचणी ठरली.

दोघांचं एकमत झालं म्हणजे ते खरंच असतं असं नाही, हे लग्नाच्या बैठकीत बसलेल्या कोणालाही ठाऊक असतं. पण पेढ्याचा घास तोंडात असताना हे कोणाला सुचणार?

या मुलुंडच्या कारखान्याशी तावड्यांचं आणखी एक नातं होतं. संपानंतर गिरणी सुटली ती सुटलीच. गुणाजी दोन वर्षं गॅलरीत स्टुलावर बसून होते, जेवायला हाक मारली तरी ऐकू न आल्यासारखे. शेवटी रत्नप्रभाने, जन्मात कोणापुढे मान न वाकवणाऱ्या रत्नप्रभाने, कारखान्याचे पारशी मॅनेजर भरूचा यांच्यापुढे हात जोडले. भरूचांनी म्हाताऱ्याला टेस्टिंगला हेल्पर म्हणून घेतलं. तेव्हापासून गुणाजी पुन्हा भात मागून घेऊ लागले होते.

शुक्रवारी सकाळी मुलुंडच्या ड्रॉइंग ऑफिसचा फोन आला. काही वर्षांनी गंज लागून पत्रा पातळ होईल, तेव्हा टाकीला जिथे पाइप जोडलाय तो गळा किती ताणेल, तेवढं सांगा. किरकोळ काम होतं. रत्नप्रभाने मॉडेलमध्ये पत्र्याची जाडी कमी केली आणि गणित परत लावलं. गळा तेवढाच ताणला. तिला वाटलं, आकडा घालताना आपलीच चूक झाली. तिने जाडी निम्मी केली. गळा तेवढाच. मग तिने पत्रा पत्रावळीएवढा पातळ केला. खऱ्या जगात अशा टाकीच्या केव्हाच चिंधड्या झाल्या असत्या, पण पडद्यावरचा गळा केसभरही हलला नाही.

तिने टेपवरचा मजकूर छापून काढला आणि ओळीओळीने वाचला. पुढच्या क्षणी तिला सगळं लख्ख दिसलं. टेपवर मॉडेल संपल्यावर पुढे परदेशातली उत्तरं होती, कुठला बिंदू किती सरकला त्याची. ती लिहिण्याची तऱ्हा आणि टाकी कुठे जखडली आहे ते लिहिण्याची तऱ्हा एकसारखीच. तिचा प्रोग्राम मॉडेल संपल्यावर थांबलाच नव्हता. ती उत्तरंही त्याने मॉडेलचाच भाग म्हणून आत ओढली. म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामला सोडवायला काही उरलंच नव्हतं. प्रत्येक बिंदू कुठे जाऊन थांबायचा हे त्याला आधीच सांगितलेलं होतं. शेजारच्या मुलाचा पेपर बघून लिहिलं की दोघांचं उत्तर जुळणारच.

"सर, रिपोर्ट बोगस आहे," ती साठ्यांच्या टेबलाशी येऊन म्हणाली. "आपण काहीच तपासलेलं नाही. चाचणी थांबवा."

साठ्यांनी ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, फक्त घाबरला होता. "हे बघ, पहिलं गणित परदेशात नीट केलेलंच असणार ना? टाकी चांगलीच असेल. आपण आता गणिताचा बरोबर रन लावू. संध्याकाळपर्यंत उत्तर येईल."

"चाचणी दुपारी आहे."

"अगं, उगाच थांबवली आणि टाकी चांगली निघाली तर? भरूचा मला दारात उभं करणार नाही. आणि तुझ्या वडिलांचं काय?"

"पहिल्यावर एवढा विश्वास होता, तर दुसऱ्यांदा तपासायला सांगितलं कशाला?"

तिने दुरुस्त रन लावला आणि मुलुंडला फोन केला. ऑपरेटर म्हणाला, साहेब वर्कशॉपमध्ये आहेत, टाकीत पाणी भरून झालंय. "गुणाजी तावड्यांना तरी बोलवा." "ते पंपावर आहेत, बाई. गळ्यापाशीच." एवढ्यात लाइन खरखरली आणि मेली. पुन्हा लागेना.

तिने रिक्षा पकडली. पवईचा तलाव गेला, कांजूर आलं, आणि पुढे एक डंपर रस्ता अडवून डुलत चालला होता. रत्नप्रभा रिक्षावाल्यावर, डंपरवर आणि स्वतःवर चरफडत होती. बापाची नोकरी वाचवायची की बापाला, एवढाच प्रश्न होता, आणि उत्तर तिला माहीत होतं.

वर्कशॉपमध्ये टाकी आडवी पडली होती. काट्यावर दाब चढत होता. गुणाजी खाकी शर्टात पंपाशी उभे होते, गळ्यापासून दोन हातांवर. मुलगी दिसताच ते हसले.

"दाब उतरवा!" ती दारातूनच ओरडली.

भरूचा वळले. "काय झाला, डिकरी? तुझा रिपोर्ट तर बोलते, सगळा फर्स्ट क्लास हाय."

"रिपोर्ट खोटा आहे. चूक माझी आहे, माझ्या एकटीची. खरं उत्तर संध्याकाळी येईल. तोवर कोणी जवळ उभं राहू नका."

भरूचांनी इन्स्पेक्टरकडे पाहिलं. इन्स्पेक्टरने काट्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "उतरवा." गुणाजींनी व्हॉल्व्ह फिरवला. पाणी फुसफुसत बाहेर पडलं. इन्स्पेक्टरने बॅग उचलली आणि पुढची तारीख न देताच निघून गेला.

भरूचा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "संध्याकाली बघू," ते गुणाजींना म्हणाले. "टाकी खराब निघाली तर तुझी पोरगी देवी. चांगली निघाली तर तू पण घरी बस, तावडे. माझा कस्टमर गेला."

बापलेक गेटवरच्या वॉचमनच्या केबिनमध्ये फोनची वाट बघत बसले. तोवर लाइन सुरू झाली होती. रत्नप्रभाच्या मनात धावा चालला होता. गळा कच्चा निघू दे. देवा, थोडा तरी कच्चा निघू दे. आपण काय मागतोय हे तिला कळत होतं, तरी ती मागतच राहिली.

फोन वाजला. साठ्ये होते. त्यांचा आवाज मोकळा झाला होता. "टाकी एकदम पक्की आहे गं! परदेशातल्या उत्तरापेक्षा ताण जरासा जास्त, पण मर्यादेच्या खूप आत. चाचणी झाली असती तरी काही झालं नसतं."

तिने फोन ठेवला आणि ढसाढसा रडू लागली. भटवाडीत कोणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

"काय झाला?" गुणाजींनी आपल्या मालवणीत विचारलं.

"टाकी चांगली आहे, बाबा. उगाच थांबवली मी. तुमची नोकरी घालवली."

गुणाजी खाकी शर्टाची बटणं सोडू लागले. शर्ट कारखान्याचा होता, तो ठेवून जायचा होता. "टाकी बरी आसा, मां?"

"हो."

"मगे रडतंस कित्याक? फुटाक व्हयी होती?"

रत्नप्रभाला 'नाही' म्हणायचं होतं, पण टाकी कच्ची निघायला हवी, असंच ती मघापासून मागत होती. गुणाजींनी शर्टाची घडी घालून वॉचमनच्या टेबलावर ठेवली आणि बनियनवरच तिच्यासोबत गेटबाहेर पडले.