तिघांत दोन कप

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. असता, तर सव्वीस वर्षं हा धंदा केला नसता. रावेर-सावदा पट्ट्यात मी लग्नांचं निवेदन करतो. माईक, शेरवानी, आणि ‘वधूवरांना विनंती’ म्हणताना लागणारा तो खर्जातला आवाज… ओळखलंत ना? तोच मी. मंगल कार्यालयांबाहेर अवेळी भटकणारे जीव मी शेकड्यांनी पाहिले आहेत. सगळे जिवंत असतात, आणि जेवण कधी सुरू होणार एवढाच त्यांचा प्रश्न असतो.

तेव्हा मी सांगतो ते भुताचं नाही. कशाचं आहे, तेही मला ठाऊक नाही. घडलं ते जसंच्या तसं सांगतो — थोडं रंगवून, कारण सवय जात नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट, थंडीतली. माझा बालमित्र विलास, सहा फूट उंच, दीपनगरच्या वीज केंद्रातून निवृत्त झाला आणि त्याला एक खूळ लागलं. त्याने एक जुनी सतरा सीटांची गाडी विकत घेतली, सगळ्या सीटा उपटल्या आणि आत घर मांडलं. तीन बर्थ, गॅसची शेगडी, आणि एक बेसिन, ज्याचं पाणी फक्त डाव्या वळणावर यायचं. या प्रकाराला ‘आरव्ही’च म्हणायचं, अशी त्याची सक्ती. रस्त्यातल्या लोकांना मात्र ती रक्तदानाची गाडी वाटायची. पाळधीजवळ एक गृहस्थ बाही वर करून उभेच राहिले!

तिसरा किसनशेठ, सावद्यातला कापड दुकानदार. पणजोबा राजस्थानातून आले, पण भांडताना त्याची बोली आमच्यापेक्षा अस्सल.

बेत चार दिवसांचा होता. गुरुवारी निघायचं; फरकांड्याचे मनोरे, पारोळ्याचा किल्ला, धुळ्याजवळचा लळिंग, मग तोरणमाळ, आणि रविवारी घरी. निघताना माझी बायको सुनंदा दारात उभी राहून डोळे पुसत होती. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाल्यावर हिला विरह फुटला, म्हणून मी इतका खूश झालो की गल्लीच्या टोकापर्यंत हात हलवत होतो.

गाडीत बसलो आणि पहिलं आश्चर्य घडलं. विलास म्हणाला, “खिडकीजवळ तू बस.”

वाचकहो, चाळीस वर्षांत या माणसाने मला खिडकी दिलेली नाही. शाळेच्या सहलीत तर खिडकीसाठी त्याने माझा दंड चावला होता! किसनने माझ्या पाठीशी उशी ठेवली. मी माझा जावयाच्या टोपीचा किस्सा सांगितला, जो त्या दोघांनी निदान दोनशे वेळा ऐकला आहे. दोघं पोट धरून हसले. एरवी पहिल्या वाक्यालाच किसन म्हणतो, “बस कर रे भो, कान किटले.”

मी आपला खूश. वाटलं, वयाबरोबर माणसं सुधारतात.

साडेनऊच्या सुमारास एरंडोलच्या अलीकडे, पद्मालयाच्या फाट्यावर, एका चहाच्या टपरीशी थांबलो. ऑर्डर मीच दिली, माझ्या स्टेजच्या आवाजात — “तीन कडक!” समोर लख्ख ऊन, आणि माझा शर्ट केशरी. चहावाल्याने फळीवर कप मांडले. दोन. एक विलाससमोर, एक किसनसमोर.

“आणि मला?” मी म्हणालो.

तो असा दचकला की किटलीचं झाकण खाली पडलं. “आरे भाऊ! तुम्ही कव्हय उनात?”

म्हणजे, तुम्ही कधी आलात! अहो, मी त्याच्यापासून दोन हातांवर उभा होतो. ज्याचं पोट लोकांच्या नजरेत भरण्यावर चालतं, त्याला असं विचारणं म्हणजे… जाऊ द्या. मी हसण्यावारी नेलं. “झोप झाली नाही वाटतं,” म्हणून त्यालाच चिडवलं. विलास आणि किसन मात्र हसले नाहीत. दिवसभरात माझ्या ज्या एकमेव वाक्याला हसायला हवं होतं, तिथेच गप्प.

फरकांड्याला कॉलेजची एक मुलगी भेटली. तिला आमचा फोटो काढायला सांगितला. फोटोत मनोरा आहे, विलास आहे, किसन आहे, आणि किसनच्या खांद्यावर माझा हात. मनगटापर्यंत. बाकीचा मी चौकटीबाहेर. मी अगदी कडेला उभा होतो हे कबूल, चूक कोणाचीही होते. पण मी म्हणालो, “बाळ, मी राहिलो की यात,” तेव्हा ती गोंधळून म्हणाली, “काका, तुम्हीपण त्यांच्यासोबत होतात?”

रात्री पारोळ्यात गाडीतच झोपलो. मी त्या वेळी फक्त दुखावलेला होतो, घाबरलेला नव्हतो. घाबरलो दुसऱ्या दिवशी भर दुपारी, वांग्यांमुळे.

धुळ्याच्या अलीकडे विलासच्या मामांचं शेत आहे. त्यांना सगळे आबा म्हणतात. आमच्याकडे थंडीत शेतात भरीत करतात ते तुम्हाला ठाऊक असेल — कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर हिरवी, तळहाताएवढी वांगी भाजायची आणि बडगी नावाच्या लाकडी होडीत ठेचायची. आबांचा हिशेब माणशी एक वांगं. पाहुणे बांधावर दिसले की ते नजरेनेच मोजतात आणि तेवढी वांगी विस्तवावर टाकतात. आम्ही येतोय हे त्यांना कळवलेलं नव्हतं. बांधावरून मी सगळ्यांत पुढे चाललो होतो आणि मोठमोठ्याने बोलत होतो. मी गप्प कधी असतो?

आगटीजवळ पोचलो. विस्तवावर दोन वांगी.

“या रे भो,” आबा विलासकडे बघत म्हणाले. “दोन्हीजण उनात का? तो बोलणारा दोस्त नही उना?”

मी त्यांच्या समोर उभा होतो! त्यांच्या मुलाच्या लग्नात मी तीन तास माईक धरला होता.

“आबा, मी हाय की!”

आबांनी मान वर केली. माझ्याकडे पाहिलं… आणि पाहतच राहिले. मग टोपलीतून तिसरं वांगं घेतलं. “मी तं दोनच दखात,” म्हणजे दोनच पाहिले, ते हळूच म्हणाले. “मन्ही नजर आजपावत चुकनी नही.”

जेवण झाल्यावर त्यांनी विलासला विहिरीकडे नेलं. दोघं काय बोलले ते ऐकू आलं नाही, पण विलास परतला तेव्हा त्याचा चेहरा पाहिला. मी आयुष्यभर समोरच्यांचे चेहरे वाचत आलो आहे. म्हाताऱ्याची नजर चुकली म्हणून माणूस इतका पांढरा पडत नाही. त्याला आधीपासून काहीतरी ठाऊक होतं.

चार वाजता लळिंगच्या पायथ्याशी गाडी लागली. मी खाली उतरायला नकार दिला आणि दार आतून लावून घेतलं.

“विलास, बोल.”

“काय बोलू?”

“काल खिडकी दिली ते बोल. टोपीचा किस्सा ऐकून हसला ते बोल.”

विलास स्टिअरिंगकडे बघत राहिला. शेवटी किसननेच माझ्या बर्थची गादी उचलली आणि खालून एक पिवळं मोठं पाकीट काढलं. माझं नाव, माझं वय. अख्खी रात्र मी माझ्याच रिपोर्टवर झोपलो होतो!

पंधरा दिवसांपूर्वी पोटात दुखत होतं म्हणून जळगावला तपासण्या केल्या होत्या. रिपोर्ट मिळायचा त्या दिवशी मला एक लग्न होतं, म्हणून सुनंदाबरोबर विलासला पाठवलं. दोघं परत येऊन म्हणाले, थोडी सूज आहे, गोळ्या घ्या. सूज नव्हती. उजव्या मूत्रपिंडावर गाठ होती. डॉक्टरांनी सोमवारी भरती व्हायला सांगितलं होतं.

“सुनंदाले माहीत आहे,” मी म्हणालो. विचारलं नाही. दारातलं ते रडणं आठवलं, आणि मी हलवलेला हातही आठवला.

“तू घाबरशील म्हून नाही सांगितलं,” विलास म्हणाला.

“तुम्ही तिघं घाबरले ना? मग मलेच कायले सोडलं? पोट माझं, गाठ माझी, आन् मीटिंग तुमची?”

“मधात चार दिवस होते,” किसन म्हणाला. “म्हटलं, हसून घेऊ दे तुले. पुढचं कोणी पाह्यलं?”

“म्हणजे त्या किस्स्याला तुम्ही हसले…”

किसनने गादी परत जागेवर ठेवली.

खोटं बोलले त्याची माफी असते. पण मी दोन दिवस जीव तोडून रंगमंच गाजवत होतो आणि समोर बसलेले दोघं मनातल्या मनात मला खांदा देत होते. मी मनोरे पाहत होतो, ते मला पाहत होते. ती सहल माझी नव्हतीच. तीत मी प्रेक्षणीय स्थळ होतो.

“गाडी फिरव,” मी म्हणालो. “तोरणमाळ तुम्ही नंतर पाहा. आधी मले दवाखाना दाखवा.”

विलासला अंधारात ती गाडी चालवता येत नसे, म्हणून रात्री धुळ्यातच थांबलो. मी एक अक्षर बोललो नाही, आणि माझ्या बाबतीत तो अमानवीय प्रकारच म्हणायला हवा. शनिवारी सकाळी परत तोच फाटा आला, तीच टपरी. खाली उतरायचं माझं मन नव्हतं, पण उतरलो. ऑर्डर कोणीच दिली नाही. चहावाल्याने आपण होऊन तीन कप मांडले. पहिला माझ्यापुढे.

“परवा हाई दोन्हीच व्हतात,” तो मला म्हणाला. “आज तुम्हीबी संगे का?”

माझ्या हातातला कप कलंडला. विलासने तो धरला. मी त्याचा हात झटकला.

ऑपरेशन झालं. गाठ वेळेत निघाली. आता एका मूत्रपिंडावर माझं उत्तम चाललं आहे, आणि दुसरं काढल्यामुळे आवाजाला जागा झाली, असं मी स्टेजवरून सांगतो. सुनंदाशी आठ दिवस अबोला धरला. जास्त धरता आला नाही, कारण पथ्याचं जेवण तिच्याच हातात होतं. किसनशी महिनाभर. विलासशी सहा महिने. दवाखान्याच्या बाकावर तो रोज येऊन बसायचा आणि मी रोज भिंतीकडे तोंड करायचो. शेवटी त्याच्याकडून कबूल करून घेतलं, की यापुढे आपल्या तिघांत कोणाचं काहीही असो, पहिल्यांदा ज्याचं आहे त्याला सांगायचं. मगच दोस्ती पुन्हा सुरू झाली.

एरवी इथेच मी हा किस्सा संपवतो. दहा ठिकाणी असाच संपवला, टाळ्याही घेतल्या. पण लिहायला बसलो ते याच्यासाठी नाही.

गेल्या रविवारी आम्ही तिघं पुन्हा निघालो होतो, राहिलेलं तोरणमाळ पाहायला. फाट्यावर थांबलो. सकाळची वेळ, स्वच्छ ऊन. मीच मुद्दाम ओरडलो, “तीन कडक!”

चहावाल्याने फळीवर दोन कप मांडले.

मी फळीवरचा हात मागे घेतला. पण त्याने एक कप माझ्याकडे सरकवला — “घ्या भाऊ.” दुसरा किसनकडे. विलास आमच्या मधोमध उभा होता, गळ्यात लालभडक मफलर.

“काय रे, मी काय भूत हाये का?” विलास हसला.

चहावाला दचकला. “आरे दादा! तुम्ही कव्हय उनात?”

किसनचा अर्धा चहा पँटीवर सांडला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि नजर वळवली. विलासला दोन वर्षांपूर्वीचं आठवलं नसेल, असं नाही. पण तो काही बोलला नाही, आणि आम्हीही नाही. गाडी त्याचीच, तरी तोरणमाळपर्यंत मी आग्रह करून किसनला चालवायला लावली आणि विलासला खिडकी दिली. त्याने बेसिनचा तोच तो किस्सा सांगितला. मी हसलो. पोट धरून हसलो.

आज गुरुवार. चौथा दिवस.

हे असं का होतं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. चहावाल्याचे डोळे तपासून झाले, त्याला चष्मासुद्धा नाही. आबांना विचारलं तर ते विषय बदलतात. योगायोग म्हणाल तर मी हो म्हणेन, तेवढाच जिवाला आधार. पण एक गोष्ट कळली. त्या दोघांनी माझ्याशी जे केलं तो दगाच होता, हे मी आजही म्हणतो. आणि तो दगा करायला किती सोपा असतो, ते या चार दिवसांत मला समजलं.

माझं अक्षर संपादकांना लागत नाही. माझे सगळे लेख कॉम्प्युटरवर टाईप करतो तो विलास. हे कागदही आज संध्याकाळी त्याच्याकडेच जाणार आहेत.

विलास, इथवर आला असशील तर टायपिंग थांबव. उद्या सकाळी आठला मी आणि किसन तुझ्या दाराशी येतोय. जळगावला जायचं आहे. रात्रीनंतर काही खाऊ नको, तपासणी उपाशीपोटी असते. कदाचित काही निघणार नाही, आणि मग मला वर्षभर शिव्या दे.

आणि खिडकीजवळ मी बसणार आहे. तुला मिळायची नाही.