पाणी मुरतंय कुठं?

आमच्या ह्यांना कोणी नावानं हाक मारत नाही. सगळे 'पाणीमुरे' म्हणतात. भिंतीत पाणी कुठं मुरतंय ते शोधून काढायचं आणि भिंत दुरुस्त करायची, हेच ह्यांनी जन्मभर केलं, म्हणून. थट्टेत पडलेलं नाव असं चिकटलं की एकदा दवाखान्यात कंपाउंडरनं तेच आडनाव म्हणून लिहून घेतलं, आणि ह्यांनी दुरुस्तसुद्धा केलं नाही. चिडले ती मीच. आडनाव माझंही होतं ना ते.

नवी भिंत उभी करायला सगळे गवंडी एका पायावर तयार असतात. ओल धरलेली भिंत बघायला कोणी येत नाही, त्यात धूळ फार आणि कौतुक कमी. ह्यांना मात्र अशी भिंत दिसली की तहानभूक आठवत नसे. थापीच्या लाकडी मुठीनं ठोकत, कान लावत खोलीभर फिरायचे. विटेची भुकटी बोटावर घेऊन जिभेला लावायचे. खारट लागली तर भिंतीला लोणा लागलाय, पाणी जमिनीतून चढतंय. अळणी लागली तर ते वरून येतंय, नाहीतर नळाचं आहे. हा प्रकार मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा लग्न नवं होतं, आणि आईबापांनी मला कुठं देऊन टाकलंय असं वाटलं.

पुढं मीच ह्यांच्याबरोबर जायला लागले. वाळू चाळायची, माल कालवायचा आणि ह्यांच्या वतीनं बोलायचं, कारण ह्यांच्या तोंडाला कायमचं कुलूप. एक नियम पक्का होता. पाणी कुठून येतंय ते सांगायचं, कुणामुळं येतंय ते नाही. शेजाऱ्याचा पाइप फुटलेला डोळ्यांनी दिसला तरी "पलीकडून येतंय" एवढंच म्हणायचे. भांडणं लावायला दुसरी माणसं आहेत, असं वर माझ्याकडे बघून म्हणायचे.

एकदा एका विटांच्या घरात आम्ही गेलो तेव्हा पाऊस संपून कितीतरी महिने झाले होते. रस्त्यावर धूळ उडत होती आणि त्या घराची मागची खोली ओली होती. घरात माणसं तीनच: छापखान्यात कामाला जाणारा मुलगा, त्याची बायको आणि म्हातारे वडील. आई दोन वर्षांपूर्वी ह्याच खोलीत गेली. पलंग जिथं होता तिथंच, उशीच्या उंचीवर, भिंतीला ओल आलेली. आधीच्या एका गवंड्यानं सिमेंटचा गिलावा केला, दुसऱ्यानं पाणी न शिरणारा महागडा रंग फासला. दोन्हींचे पोपडे सुटून खाली पडले होते. मी हात लावला आणि लगेच काढून घेतला. आजारी माणसाच्या घामेजल्या कपाळासारखा तो गारवा होता.

मुलगा आम्हाला बाजूला घेऊन हळू आवाजात बोलला. बायकोनं महिनाअखेरीला माहेरी जायचं ठरवलंय, परत येण्याचं नाव काढत नाही. ह्या खोलीची तिनं धास्ती घेतलीय. "तेवढी भिंत वाळवून द्या, मिस्त्री," तो म्हणाला. "ती वाळली तर ही राहील." एवढं सांगून तो कामावर गेला.

सून उंबऱ्याबाहेर उभी होती. चहा द्यायचा तर तिनं कप उंबऱ्यावर ठेवले, पाय आत टाकला नाही. डोळ्यांखाली काळी वर्तुळं. मी बाहेर जाऊन तिच्याजवळ बसले, तेव्हा तिनं आपणहून सांगितलं. सासूच्या अंगात पाणी साठत होतं, डॉक्टरांनी प्यायचं पाणी घोटाघोटावर आणलेलं. रात्रीमागून रात्री हिनंच जागून काढल्या. एका दुपारी पलंगाच्या कडेला डोकं टेकलं आणि डोळा लागला. जाग आली तेव्हा सासू गेली होती. ओठ कोरडे, फुटलेले, आणि स्टुलावरचं भांडं पाण्यानं भरलेलं. मग नातेवाईक जमले. म्हातारी पाणी पाणी करत गेली आणि सून शेजारी घोरत होती, हे घराघरात पोचलं. दोन वर्षं तिला धड झोप नव्हती. डोळा मिटला की कानाशी कोणीतरी पाणी मागायचं.

"ती ओल नाही हो मावशी," ती म्हणाली. "आई आहेत त्या."

मी काही भित्री नाही, पण अंगावर काटा आला. तरी माझी जीभ कुठली गप्प बसायला. मी विचारलं, "तू झोपली होतीस ना? मग त्यांनी पाणी मागितलं ते ऐकलं कोणी?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. दोन वर्षांत हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता, तिनं स्वतःलाही नाही.

आत ह्यांनी भुकटी चाखली होती. अळणी. पण छपरावर चढून पाहिलं तर छप्पर कोरडं ठणठणीत, आणि त्या बाजूला नळ नाही, मोरी नाही. दुपारी घर पेंगुळलं होतं. हे भिंतीला कान लावून बसले होते, आणि अचानक त्यांनी मला खुणेनं बोलावलं. मी कान लावला. आत बारीक आवाज झाला. घोट गिळल्यासारखा. थोड्या वेळानं आणखी एक. मी ह्यांचा हात घट्ट धरला. एवढ्या वर्षांच्या संसारात मी तसा हात क्वचितच धरलाय, आणि ह्यांनीही तो सोडवून घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी गिलावा फोडला. खालच्या विटांपेक्षा वरच्या जास्त भिजलेल्या. ओलीचा माग काढत हे वरच्या झरोक्यापर्यंत पोचले आणि तिथंच अडकले. मी वाळू चाळायला मागच्या बोळात गेले, लाकडांच्या ढिगाआड सावली होती म्हणून. दुपार कलायच्या आधी म्हातारे वडील भरलेला तांब्या घेऊन बोळात आले. मी त्यांना दिसले नाही. झरोक्याखाली रचलेल्या विटांवर ते जपून चढले आणि झरोक्यातल्या विटांच्या फटीत पाणी ओतायला लागले. अगदी सावकाश, आजाऱ्याला पाजावं तसं.

"घे," ते म्हणाले. "आता कोणी अडवत नाही. पोटभर पी."

खाली उतरताना त्यांनी मला पाहिलं. तांब्या सांभाळत तिथंच विटांवर बसले. मी काही विचारलं नव्हतं, तरी त्यांनी सगळं सांगितलं. त्या दुपारी बायकोनं पाणी मागितलं ते त्यांच्याकडे. भांडं तिनं ओठांपर्यंत नेलं होतं आणि त्यांनी ते ओढून घेतलं, डॉक्टरांचा शब्द म्हणून. मग ती काही बोलली नाही, नुसती बघत राहिली आणि बघता बघता गेली. पुढं नातेवाइकांना ते फक्त एवढंच म्हणाले, की ती पाणी मागत गेली. बाकीचं लोकांनी जोडलं.

"आणि तुम्ही जोडू दिलंत," मी म्हटलं. म्हाताऱ्या माणसाला असं बोलू नये, पण मला राग आवरला नाही. अजूनही आवरत नाही.

मी आत जाऊन ह्यांना सांगितलं. ह्यांनी भिजलेली बाही दाखवली, विटांच्या फटीतून पाणी हातावर आलं होतं. मला वाटलं, आता हे झरोका बुजवतील, 'वरून येत होतं' म्हणतील आणि हत्यारं गोळा करतील. तसं झालं असतं तर मी सोडलं नसतं. पण हे बोळात गेले आणि म्हाताऱ्यांच्या शेजारी बसले.

"काका, झरोका मी आत्ता बुजवतो. भिंत वाळेल," हे म्हणाले. "पण ती पोर तरीही जाईल. तुम्ही सांगता, की मी सांगू?"

जन्मात पहिल्यांदा ह्यांनी 'कुणामुळं' ते सांगायची तयारी दाखवली. म्हाताऱ्यांनी तांब्या खाली ठेवला. घरात येऊन सुनेला हाक मारली आणि उघड्या विटांकडे तोंड करून, तिच्याकडे न बघता, मला सांगितलं होतं तेच सांगितलं. ती उंबऱ्याबाहेर चौकटीला धरून ऐकत होती.

"मला हाक मारली होती का त्यांनी?" तिनं विचारलं.

"नाही. मीच तुला उठवायला निघालो होतो. ती म्हणाली, पोरीला उठवू नका."

तिनं चौकट सोडली. मग म्हणाली, "दोन वर्षं, बाबा."

ती उंबरा ओलांडून आत आली. विटांच्या त्या ओल्या खड्ड्यावर तळवा ठेवून रडली, ते रडणं सांगण्यासारखं नाही. रडता रडता आमच्या गोण्यांवर बसली, आडवी झाली आणि गिलाव्याच्या ढिगाऱ्यातच झोपली.

पुढं तिनं सासऱ्याशी फार दिवस अबोला धरला. माहेरीही गेली, पण आईला भेटून चार दिवसांत परत आली. भिंत आम्ही उघडीच वाळू दिली आणि मग चुन्याचा गिलावा केला. ते सगळं नंतरचं. त्या दिवशी मात्र आमचं काम बुडालं. ठोकाठोक करायची नाही म्हणून हे थापी मांडीवर घेऊन बाहेर बसून राहिले, आणि मी ह्यांच्याशेजारी, तेही न बोलता.

दिवेलागणीला मुलगा कामावरून आला. बायको धुळीत पडलेली बघून घाबरला, तिला हलवायला धावला. म्हातारे तिच्या उशाशी भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी त्याचा हात धरला.

"उठवू नको," ते म्हणाले. "मी जागा आहे."