आजोबांची उंची

निहार, तुझे आजोबा गेल्याचं फोनवर सांगताना मी 'शांतपणे गेले' एवढंच म्हणाले. फुप्फुसांनी साथ सोडली, हे खरंच. पण आता महिन्याभरानं लिहायला बसले, तर आठवते ती त्यांची उंची... तिचा त्यांना भारी अभिमान.

जुन्या सिगारेटी आणि कारखान्यातली धूळ, त्यातून हा दमाचा आजार जडलेला. धाप वाढली की स्टिरॉइडच्या गोळ्या. हाडांची काळजी मात्र घरात फक्त माझ्याच. रोज सकाळी पाण्याचा पेला घेऊन हे हजर, "घे तुझं कॅल्शियम. बायकांची हाडं झिजतात." पुढे त्यांच्या पँटी जमिनीवर लोळू लागल्या, तर यांनी शिंपीच बदलला. सारसोळ्याची आमची कोळीण बोंबील देताना म्हणाली, "काका, पँट हाय का झाडू? सगला रस्ता लोटीत आलाव!" हे म्हणाले, "नव्यालाही माप घेता येत नाही."

एकदा खोकता खोकताच ते पाठ धरून खाली बसले. नुसत्या खोकल्यानं मणका मोडला होता! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आधीचेही दोन दबलेत, आजोबा. म्हणून उंची घटली. फुप्फुसांचा जुना आजार, त्यात स्टिरॉइड... पुरुषांचीही हाडं ठिसूळ होतात."

"अहो, पण हा तर हिचा आजार!" माझ्याकडे बोट दाखवून हे म्हणाले.

घरी येताना रिक्षात एकच बोलले, "निहारला सांगू नकोस." दर सुट्टीत तुला पाठीला पाठ लावून उभं करायचे ना, त्यात त्यांना हरायचं नव्हतं. त्या डिसेंबरात तू आलास, पाठ लावलीस आणि गुपचूप गुडघे वाकवलेस.

"गाढवा, सरळ उभा राहा."

तू सरळ झालास. त्यांचं डोकं जेमतेम तुझ्या कानाशी. ते हसले, खोकले, धापा टाकत म्हणाले, "हं... आता बरोबर."

तू गेल्यावर त्यांनी सुताराला बोलावून बेसिनवरचा आरसा खाली घेतला. नेरूळच्या या घरात आल्यापासून तो त्यांच्या मापानं टांगलेला. मला त्यात कपाळच दिसायचं. "हिला दिसत नाही," असं त्यांनी सुताराला सांगितलं.

आता मला त्यात पूर्ण चेहरा दिसतो. वरचा जुना खिळा मी काढू दिलेला नाही. दात घासताना मान वर करून तिकडेच बघते... सवय आहे, त्यांच्याशी बोलताना मान वर करायची.